पोटभाडेकरू

नव्या सिमकार्डाला रेंज आली आणि त्याच क्षणी शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या फोनची रेंज गेली. नियमच तसा आहे. एका नंबरावर एका वेळी एकच कार्ड जिवंत राहतं.

तो मोबाईल कंपनीच्या दुकानात, काउंटरपाशी उभा होता. कपाटात पडून राहिलेला जुना हँडसेट त्याने मुद्दाम चार्ज करून आणला होता. पडद्यावर रेंजच्या काड्या चढल्या तसं त्याला बरं वाटलं. घटस्फोटात भांड्याकुंड्यांपासून गाडीपर्यंत सगळ्याची वाटणी झाली होती, पण नंबराचं नाव कुणीच काढलं नव्हतं. लग्नानंतर त्यानेच तो स्वतःच्या कागदपत्रांवर घेऊन बायकोला दिला होता. शेवटचे चारही आकडे सारखे. आता त्याच्या एका मित्राला तो शोरूमसाठी हवा होता.

"आता हा मी विकू शकतो ना?"

काउंटरवरची मुलगी हसली. "विकणार कसा, सर? कार्ड कंपनीचं, नंबरही कंपनीचा. तुमच्या नावावर आहे तो फक्त वापरायचा हक्क. भाड्याची खोली कुणी विकतं का?"

"पण पोटभाडेकरूला तर बाहेर काढता येतं?"

"ते आत्ताच काढलंत की," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

गेल्या आठवड्यात त्याची घटस्फोटित बायको त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पेशंटांच्या फ्रिजवर, औषधांच्या डब्यांवर तिचा नंबर लिहिलेला असतो.

"एक सही कर. नंबर माझ्या नावावर होईल."

"माझा नंबर आहे तो."

"माझ्या एकटीसाठी नाही मागत मी."

"मग कुणासाठी? जगाची सेवा करतेस का?"

ती काहीतरी बोलणार होती. मग तिने पर्सची चेन लावली आणि ती निघून गेली.

घरी येताना वाटेत फोन दोनदा वाजला. "ताई, उद्या चहा घेतला तर चालेल, का अगदी उपाशीपोटी?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "राँग नंबर," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी एक बाई रिपोर्ट मागत होती. "मॅडम नाहीत. हा नंबर आता माझा आहे," त्याने सांगितलं. त्या बाईने फोन ठेवला. त्याला वाटली होती तेवढी मजा आली नाही.

आई तिच्या खोलीत होती. मधुमेहामुळे तिची नजर अधू झाली होती, पण घरातली भिंत न् भिंत ओळखीची, त्यामुळे कुठे अडायचं नाही. "आमच्या आईचं काही बघावं लागत नाही," तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा, "इन्सुलिनसुद्धा स्वतःचं स्वतः घेते." संध्याकाळी जेवणाआधी तिचं दार लोटलेलं असायचं आणि आतून कुजबुज ऐकू यायची. मावशीशी बोलत असेल, असं तो धरून चालला होता.

तो आपल्या आणि आईच्या खोलीमधल्या भिंतीला टेकून बूट काढत होता, तेवढ्यात जुना हँडसेट वाजला. पडद्यावर नुसतेच आकडे. असेल आणखी कुणी पेशंट. राँग नंबर म्हणायच्या तयारीनेच त्याने फोन कानाला लावला.

"आहेस ना गं?"

त्याने आधी भिंतीकडे पाहिलं. आवाज पहिल्यांदा तिथून आला होता, आणि क्षणभराने फोनमधून. आईचा मोठ्या बटणांचा फोन त्यानेच आणला होता. दोनचं बटण दाबून धरलं की सूनबाईला फोन लागेल, हेही त्यानेच लावून दिलं होतं. घटस्फोटानंतर ते काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आज तो लवकर आलाय, म्हणून हळू बोलते," आई म्हणाली. "त्याला कळायला नको बाई, आईला काहीच दिसेनासं झालंय ते. उगाच जिवाला लावून घेईल. चल, पेन फोनजवळ धरलंय. फिरवते हं. मोज, माझे आकडे मधेच चुकतात, आणि आजचे किती घ्यायचे तेही तुलाच ठाऊक."

टक्. टक्. टक्.

इन्सुलिनच्या पेनचं मागचं टोक फिरवलं की एकेका युनिटला एकेकदा टक् वाजतं. पहिलं पेन देताना औषधवाल्याने हे त्याला समजावून सांगितलं होतं. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर माणूस झोपेतून उठायचा नाही, असंही म्हणाला होता. त्यानंतर पेनं तोच आणून देत होता. किती घ्यायचं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

टक्. टक्.

भिंतीतून आणि फोनमधून, एकामागोमाग. त्याने सुरुवातीपासून मोजलेच नव्हते. मोजले असते तरी कुठे थांबायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. जिला एकटीला ते ठाऊक होतं, तिला विचारायला त्याच्याकडे एकच नंबर होता. तो त्याच्याच हातात होता.

आवाज थांबला.

"गप्प का गं आज?" भिंतीपलीकडून आई म्हणाली, आणि मग फोनमधून. "बोल ना. थांबू, का अजून फिरवू?"