ओळखू न येणारा कट

खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून जोतिरामला अख्खी शुक्रवार पेठ लांबून ओळखायची. तीच आता पंचाईत झाली होती. उद्या भुवनेश्वरीशी रजिस्टर लग्न, आणि "आमच्या जातीत शिरलास तर उभा चिरू," असं भर चौकात बजावून तिचे दोघे भाऊ आठ दिवस रजिस्टर ऑफिसच्या फाटकावर बसून होते. चौकातल्या एकाही शहाण्यानं तोंड उघडलं नव्हतं.

म्हणून जोतिराम मारुतीअण्णाच्या सलूनमध्ये खुर्चीत बसला. "साइडला झिरो मशीन मारा, वर बोटभर ठेवा. दाढी साफ."

"एवढी जपलेली केसं अन् एकदम झिरो? पोरगी बघायला चाललास व्हय रं?"

"न्हाय वो अण्णा, उकडतंय लई."

मशीन कानामागून घरघरत वर गेलं. थोड्या वेळानं आरशात भलताच माणूस बसला होता. "आता तुझी आईबी वळखायची न्हाय की!" म्हणत अण्णानं हौसेनं त्याचा फोटो काढला. जोतिरामचा जीव भांड्यात पडला.

सकाळी भुवनेश्वरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून भावांसमोरूनच आत गेली, त्यांना पत्ताही लागला नाही. मागोमाग जोतिराम मान ताठ ठेवून फाटकाशी आला. थोरल्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हातातल्या मोबाइलकडे, आणि धाकट्याला खुणेनं उठवलं.

 

मोबाइलवर मारुतीअण्णाच्या सलूनचं स्टेटस उघडं होतं: "आपला जोतिराम, नव्या लुकमध्ये!"