न मिटलेली लाजाळू

व्याजाचा नवा दर जाहीर व्हायला घटकाभर उरला होता आणि सांगलीच्या काचघरात वृंदाताई केळसकर कुंड्यांपुढे श्वास रोखून उभ्या होत्या. प्रत्येक कुंडीत एकेका वित्तकंपनीशी जोडलेली लाजाळू. दर वाढला की जितकी पानं मिटतील तितका त्या कंपनीचा शेअर पडणार, हे आता शेंबडं पोरही सांगे. सगळा बाजार या पानांकडे डोळे लावून बसे.

कोपऱ्यातली कुंडी ‘कृष्णातीर गृहकर्ज’ची, म्हणजे वृंदाताईंच्या नवऱ्याच्या, सदानंदरावांच्या कंपनीची. कंपनी आधीच डबघाईला आलेली. ही मिटली की टाळंच.

दर वाढला. सगळं काचघर मिटलं. कृष्णातीरची लाजाळू मात्र लग्नातल्या करवलीसारखी मिरवत राहिली! ते पाहून तिचा शेअर कुणी विकला नाही, आणि विकला नाही म्हणून तो पडलाही नाही.

डबा घेऊन आलेल्या सदानंदरावांना वृंदाताईंनी दारातच धरलं. "अहो, खरं सांगा, काय केलंत हिला?"

"मी? काही नाही बुवा. रोज डबा द्यायला आलो की जरा गोंजारायचो. म्हणायचो, घाबरू नको बाई, मीही घाबरलोय."

वृंदाताईंनी कपाळावर हात मारला. रोजच्या हाताची सवय झालेली लाजाळू मिटेल कशाला? अख्खं मापच बिघडवलं होतं या माणसानं!

मग त्यांची नजर मिटलेल्या कुंड्यांवर गेली. त्या प्रत्येकीमागेही कुणाची तरी नोकरी, कुणाचा तरी डबा होता.

"उद्यापासून लवकर या," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्याही घाबरल्यात."