एक वर्ष आधी

“आधी डिग्री, मग काय नाचायचं ते नाच,” असं सुतारकाम करणाऱ्या बाबांनी लेकीला बजावलं होतं. मग पठ्ठीने सुट्टीतही पेपर दिले आणि तीन वर्षांची डिग्री दोनच वर्षांत त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली.

“आता अडवायचं नाही हं, बाबा!”

बाबांचा चेहराच पडला. “एवढी कसली घाई होती तुला?”

तिचा पारा चढला. “म्हणजे शब्द फिरवणार तुम्ही?”

बाबांनी मागच्या वर्कशॉपचं कुलूप काढलं. अर्ध्या खोलीत नवीकोरी, गुळगुळीत लाकडी जमीन चमकत होती. उरलेल्या अर्ध्यात नुसतंच सिमेंट.

“मी तीन वर्षं धरून चाललो होतो ना,” रंधा उचलत बाबा कुरकुरले. “आता तू त्या अर्ध्यात नाच, मी या अर्ध्यात लागतो कामाला.”