पाहुण्यांचे डोळे

"डोळे असे हवेत, की बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे," असं बजावून मंडळाचा अध्यक्ष नचिकेत पेणच्या कारखान्यातून निघून गेला. मंजुळाकाकू रंगाची वाटी घेऊन त्या तीन पुतळ्यांपुढे बसल्या. उडत्या तबकडीतून उतरलेले म्हणून लोक ज्यांची वर्णनं सांगतात, तेच हे परग्रहवासी: एक बुटका राखाडी, एक उंच गोरापान आणि एक सरड्याच्या कातडीचा. यंदा बाप्पापुढच्या देखाव्यात ते उभे राहणार होते.

काकूंचा जन्म गणपतीचे डोळे आखण्यात गेला होता. राखाड्याचे डोळे त्यांनी सांगितल्याप्रमाणे काळेकुट्ट रंगवले, पण ते त्यांनाच बघवेनात. शेवटी जित्याची खोड. ब्रश पांढऱ्या रंगात बुडाला आणि तिघांच्याही बुबुळांवर एकेक ठिपका उमटला. त्याबरोबर सरडासुद्धा मायेनं बघायला लागला.

मंडपात कोणी घाबरेना. बायका राखाड्यापुढे हात जोडू लागल्या, कुणीतरी सरड्यापुढे मोदकही ठेवला. अनंत चतुर्दशीला नचिकेतचा फोन आला, तेव्हा काकू बोलणी खायच्या तयारीनंच बसल्या.

"काकू, तुमच्यामुळे पंचाईत झालीय," तो म्हणाला. "त्या तिघांनाही निरोप द्या म्हणून लोक अडून बसलेत. आता त्यांना निरोप द्यायचा तरी कसा?"

काकूंचा जीव भांड्यात पडला.

"एवढ्या लांबून आलीत बिचारी," त्या म्हणाल्या. "बाप्पासारखंच हातावर दही ठेवा, म्हणजे परत येतील. सरड्याला बोटं तीनच आहेत, त्याला जरा जपून वाढा."