आश्रुबाची खोली

सगुणाबाईनं भाचीला घरात घेतलं नाही. शेजारून मागून आणलेली लोखंडी खुर्ची अंगणात टाकली, पदरानं धूळ झटकली आणि म्हणाली, "बसा, मास्तरीणबाई."

विशाखाला ते झोंबलं. तेरा वर्षांनी सख्खी आत्या भेटावी आणि तिनं 'बसा' म्हणावं! बरं, खुर्चीवर बसावं तर आत्या खाली तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. खाली बसावं तर अंगावर नोकरीच्या पहिल्या दिवसाची इस्त्रीची साडी. शेवटी खुर्चीच्या कडेवर ती कशीबशी टेकली.

तिला एक खोली हवी होती, बस. सकाळी शाळेत हजर झाली तेव्हाच मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, की गावातच राहत असल्याचा दाखला आठ दिवसांत द्या, नाहीतर वर कळवावं लागेल. चुडाव्याच्या रेल्वे स्टेशनाहून इकडं येणारी एकुलती एक एसटी अकरा वाजता पोचायची, आणि शाळा भरायची साडेदहाला. म्हणून शाळा सुटल्यावर ती गावात दारोदार फिरली. पाच घरी खोल्या होत्या. आडनाव सांगितलं की कुणाकडं पाहुणे यायचे होते, कुणाला कापूस भरायचा होता. एका बाईनं तर खोलीच्या दारात उभं राहून आमच्याकडं खोलीच नाही म्हणून सांगितलं. मग उरला बौद्धवाडा, आणि बौद्धवाड्यात आत्या.

गाव केवढंसं. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"पाच घरं झाली," सगुणाबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "आमचं सहावं का?"

 खरं सांगायची सोय नव्हती. परभणीहून निघताना वडिलांनी, रंगनाथनं, विशाखाला निक्षून सांगितलं होतं, की नोकरी खुशाल कर, पण वाड्यात मुक्काम करू नकोस. तिथून मी तुला बाहेर काढलंय.

"तसं नाही, आत्या. तुम्हाला उगीच त्रास कशाला, म्हणून..."

"तुमाला," सगुणाबाई म्हणाली. "आत्याला तुमी म्हनायचं बी परभणीत शिकवत्यात व्हय?"

यात पोरीचा काय दोष? परभणीच्या मोंढ्यात पोती वाहून वाहून रंगनाथ कमरेत वाकला, पण पोरीच्या तोंडून 'न्हाई' निघालं की थोबाडीत द्यायचा. 'नाही' म्हण, 'आहे' म्हण, मोठ्यांना 'तुम्ही' म्हण. कापूस वेचायला त्यानं तिला एक दिवस पाठवलं नाही. स्वतः एक वेळ जेवला आणि तिला डी.एड. केलं. त्याच्या मनासारखी पोर घडली होती, आणि आज ती आपल्याच वाड्यात परक्यासारखी बसली होती.

आत्यानं तांब्या पुढं केला. "पानी आमच्या घरचं चालंल न्हवं?"

आता मात्र विशाखाचं डोकं फिरलं. तिनं तांब्या हिसकावून घेतला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "द्यायची नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडं बघते."

"दुसरीकडं कुठं बघतीस? बघून झालं की समदं." सगुणाबाई गुडघ्यावर हात देत उठली. घरात जाऊन किल्ली घेऊन आली आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीपुढं जाऊन उभी राहिली. "ही हाय. आश्रुबाची. रिकामीच पडलीया."

विशाखाला हायसं वाटलं. नोकरी वाचली होती. आश्रुबा तिला चांगला आठवत होता. आत्याचा थोरला, तिच्याच वयाचा. एकाच पाटीवर दोघं आळीपाळीनं लिहायची. तो असतो कुठं, तिनं विचारलं.

"तात्यारावाकडं सालगडी हाय. धा वर्सं झाली. तिकडं शेतात आखाड्यावरच राहायलाय, गोठ्यात बैलांपाशी."

तात्यारावाचं नाव विशाखाच्या चांगलं ओळखीचं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली हा वाडा पेटला होता. रॉकेलचा डबा कुणाच्या घरून आला हे रंगनाथनं तिला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की ते नाव तिला पाठ होतं. त्याच माणसाचे बैल आश्रुबा राखत होता.

आत्या कुलपाशी झटत होती. काहीतरी बोलायला हवं, चांगलं काहीतरी, असं विशाखाला वाटलं. आणि असं वाटलं की माणूस घरात रोज ऐकलेलंच बोलतो.

"बाबांना कळवते. त्यांना बरं वाटेल," ती म्हणाली. "अजून सांगत असतात ते. वाडा पेटला तेव्हा दाणा उचलला नाही, भांडं उचललं नाही. फक्त मला खांद्यावर घेतलं आणि स्टेशनापर्यंत पळत गेले."

सगुणाबाईचा हात कुलपावर थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"म्हाईत हाय. मी बघत होते की. घरात आश्रुबाचा बाप तापानं फणफणलेला, मला हलता येत न्हवतं. म्या आश्रुबाला दोन्ही हातांनी वर धरलं आन् म्हनलं, दादा, ह्याला बी घे."

कुलूप निघालं. दार ढकलून ती बाजूला झाली.

"त्याचा दुसरा खांदा रिकामाच होता."