परातीतली पिलं

तानाबाईने नदीकाठच्या खड्ड्यातून वाटीभर पिलं काढली, जर्मनच्या परातीत सोडली आणि बोटांनी पाणी गरगर फिरवलं. मासळीचं बी विकणाऱ्यांची ही जुनी परीक्षा. जोमदार पिलं धारेला तोंड देतात, मरतुकडी मधोमध गोळा होतात. तळेगावच्या तळ्यासाठी बी न्यायला आलेला ज्योतीराम उकिडवा बसून बघत होता.

तानाबाईने बोटं काढली. पाणी थांबलं. पिलं थांबली नाहीत.

सगळी एकाच अंगाला फिरत राहिली, आपापल्या शेपटीमागे. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात. ही काय शिकून आली होती कोण जाणे. ज्योतीरामने परातीवर हात धरला. सावलीला एकही पिलू बिचकलं नाही. तानाबाईने एक तळहातावर घेतलं. पाठ विळ्यासारखी वाकलेली. डोळ्याच्या जागी नुसती कातडी होती.

"मावशे, अंडी कुठली गं ही?"

"वरच्या डोहातली. दरसालची जागा हाय."

"कंपनीचं ड्रम धुत्यात त्योच डोह?"

तिने पिलू परत परातीत सोडलं. ज्योतीराम उठला. पाण्याला त्याने हात लावला नव्हता, तरी धोतराला हात पुसत पुसत तो चालता झाला.

तानाबाई परात तशीच टाकून वरच्या अंगाला निघाली. कांद्यावरची बुरशी मारायची पावडर करणारी ती कंपनी येऊन दोन पावसाळे झाले होते, आणि गावच्या बाया रोजावर तिचे ड्रम धूत होत्या. त्यात तिची सून शकू होती. शकूला सातवा लागलेला. शेतात वाकून खुरपण्यापेक्षा पाण्यातलं काम हलकं, म्हणून तानाबाईनेच तिला तिथे लावून दिलं होतं. ते आठवून ती झपाझप चालू लागली.

शकू बेंबीएवढ्या पाण्यात उभी होती. भोवती पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं.

"शकू, भाईर ये."

"एवढा एक ड्रम ऱ्हायलाय, आत्याबाई."

"ये म्हणते न्हवं. पोटातल्याला बाधंल."

शकू हसली. ओला हात तिने पोटावर ठेवला.

"त्याला हितंच बरं वाटतंय. घरी निस्त्या लाथा झाडतंय. पाण्यात उभी ऱ्हायले की गप पडतं. आज तर सकाळधरनं हललंबी न्हाई."