बिनसाखरेचा चहा

“अकरा वर्षं हा काढा पितोय मी,” जोसाया बायकोच्या कानाशी पुटपुटला.

“हळू बोला!” तबिथाने डोळे वटारले. गुलामांकडून पिकवून घेतलेली साखर घरात आणायची नाही, हा नेम तिचाच. आज समोर डोर्कस बसली होती, दक्षिणेतल्या उसाच्या मळ्यातून निसटलेली, सायंकाळच्या गुलामीविरोधी सभेत बोलायला आलेली. तिच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पाहुणीच्या मनाला लागायला नको, तिकडे बघायचं नाही, असं तबिथाने नवऱ्याला चारदा बजावलं होतं. त्यामुळे दोघंही एकटक आपापल्या बशीकडे बघत होते.

डोर्कसने त्याच हाताने कप उचलला, एक घोट घेतला आणि थांबली.

“बाई, ही बोटं उसाच्या चरकात गेली माझी. तुमचा नेम माझ्याइतका कुणाला कळणार? पण भाऊ मघाशी म्हणाले ते खरंय. चहा अगदी भिकार आहे.”